काचेच्या चर्चाकक्षातील बोलण्याची गुप्तता : एक स्वनशास्त्रीय विचार

कार्यालयातील चर्चाकक्षाची भिंत काचेची असावी, हा संकेत गेल्या काही दशकांत सर्वत्र रूढ झाला आहे. विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत हाम्बुर्गजवळील क्विकबॉर्न येथील श्नेले बंधूंनी खुल्या कार्यालयाची कल्पना पुढे मांडली. तीत अंतर्गत भिंतींना जवळजवळ स्थानच नव्हते. भिंती गेल्या, तशी खाजगी बोलण्याची सोयही गेली. ती परत आणावयाची, परंतु मोकळेपणाचा देखावा मोडावयाचा नाही, ही अडचण बहुतेक ठिकाणी काचेच्या खोलीने सोडविली आहे. अशा खोलीकडून दोन अपेक्षा बाळगल्या जातात : आतले सर्व दिसावे, आणि आतले काही ऐकू येऊ नये. पहिली अपेक्षा काच विनासायास पुरी करते. दुसरीच्या बाबतीत मात्र कक्षात बसणाऱ्यांची समजूत आणि वस्तुस्थिती यांत बरेच अंतर असते.

हे अंतर केवळ सोयी-गैरसोयीचे नाही. वेतनवाढ, बदली, राजीनामा यांविषयीची बोलणी याच खोल्यांतून चालतात. त्याहून नाजूक प्रसंगही येथेच घडतात. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसे काम करीत असलेल्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती आवश्यक ठरविली आहे. आणि त्याच कायद्याच्या सोळाव्या कलमाने तक्रारीतील मजकूर, तक्रारदार व साक्षीदार यांची ओळख आणि चौकशीचे कामकाज उघड करण्यास मनाई केली आहे. चौकशीसाठी स्वतंत्र दालन नसले म्हणजे समिती उपलब्ध चर्चाकक्षात बसते. तेथे साक्ष देणारी स्त्री काचेपलीकडच्या सहकाऱ्यांना दिसत असते. ती त्यांना ऐकूही येत असेल, तर कायद्याने दिलेले संरक्षण दाराच्या फटीपाशी संपते.

म्हणून प्रथम प्रश्न नीट मांडला पाहिजे. ‘ध्वनिरोध’ हा शब्द ऐकताच डोळ्यांपुढे येते ती नीरवता. परंतु गुप्ततेसाठी नीरवतेची गरज नाही. बाहेर बसलेल्यास आतून काही पुटपुट ऐकू आली तरी बिघडत नाही. शब्द कळता कामा नयेत, एवढेच. भिंतीतून पार होणारा ध्वनी ही भौतिकशास्त्राची बाब आहे. त्या ध्वनीतून भाषा किती उरते, ही स्वनशास्त्राची. कॅव्हॅनॉ आणि त्यांचे सहकारी यांनी इमारतींतील बोलण्याच्या गुप्ततेविषयी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधाचे महत्त्व हेच की, त्यांनी भिंतीची रोधक्षमता आणि श्रोत्याच्या बाजूची पार्श्वध्वनीची पातळी या दोन्ही राशी एकत्र घेतल्या. एकच भिंत गजबजलेल्या कचेरीत पुरेशी ठरते आणि शांत कचेरीत अपुरी पडते, या नेहमीच्या अनुभवाची उपपत्ती त्यातून लागली. आजही काचेच्या विक्रेत्याचे पत्रक एक आकडा छापते आणि ग्राहक त्यावर विसंबून राहतो. त्या एका आकड्यात पार्श्वध्वनीचा विचार नसतो, दाराचाही नसतो.

प्रथम काचेचा विचार करू. घन पडद्यातून ध्वनी किती पार होईल, हे मुख्यतः पडद्याच्या वजनावर अवलंबून असते. वस्तुमान दुप्पट केले की रोध सिद्धान्ततः ६ डेसिबलांनी वाढतो. एक मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन दर चौरस मीटरला अडीच किलोग्रॅम भरते. म्हणजे चर्चाकक्षासाठी नेहमी वापरली जाणारी १० मिलिमीटरची काच २५ किलोग्रॅमची झाली. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली अर्ध्या विटेची भिंत याच्या आठ-नऊ पट जड असते. त्या साध्या भिंतीशी काचेची बरोबरी होणे मुळातच अवघड आहे.

वजनाचा हा नियम वारंवारतेलाही लागू आहे : वारंवारता दुप्पट झाली तरी रोध तितकाच वाढतो. यावरून काच उच्च वारंवारतेचे ध्वनी उत्तम अडवीत असेल, असे वाटते. पण येथे काचेच्या कडकपणामुळे एक विघ्न उपस्थित होते. तावदानात उठणाऱ्या वाकण्याच्या लाटेची लांबी आणि हवेतून तिरकस येणाऱ्या ध्वनिलहरीचा तावदानावर पडणारा ठसा ही दोन्ही एका विशिष्ट वारंवारतेपासून जुळू लागतात आणि काच जणू स्वतःहून ध्वनीला वाट देते. लोथार क्रेमर यांनी १९४२ मध्ये या घटनेची मीमांसा केली. तिला संपात म्हणता येईल. काचेच्या बाबतीत संपाताची वारंवारता काढण्याचा ढोबळ नियम सोपा आहे : १२,००० या संख्येस मिलिमीटरमधील जाडीने भागावे. १० मिलिमीटरच्या काचेसाठी १२०० हर्ट्झ, ६ मिलिमीटरच्या काचेसाठी २००० हर्ट्झ.

आता याच्याशेजारी वाणीचे चित्र ठेवून पाहावे. पुरुषांच्या बोलण्याची मूलवारंवारता १०० ते १३० हर्ट्झच्या आसपास आणि स्त्रियांची २०० ते २२० च्या आसपास असते. स्वरांची बहुतेक शक्ती १००० हर्ट्झच्या खाली एकवटलेली असते. शक्ती तेथे असली तरी अर्थभेद करणारी सामग्री बऱ्याच अंशी त्याच्या वर असते. फ्रेंच आणि स्टाइनबर्ग यांनी १९४७ साली दाखविले की, इंग्रजी वाणीच्या सुबोधतेचे दोन समान भाग पाडणारी सीमा २००० हर्ट्झच्या किंचित खाली येते. म्हणजे ६ मिलिमीटरच्या काचेतील भगदाड नेमके या सीमेवर पडते. १० मिलिमीटरचे भगदाड ज्या पट्ट्यात पडते, त्या पट्ट्यात अनेक स्वरांचे दुसरे स्वनपुंज आणि स्पर्शव्यंजनांकडून स्वरांकडे जाणारी त्यांची वळणे असतात. व्यंजनाचे उच्चारस्थान ओळखण्यास ही वळणे फार उपयोगी पडतात. अधिक जाड काच घेतल्याने वजन वाढते हे खरे. परंतु भगदाड बुजत नाही, ते फक्त खाली सरकते.

ते उथळ करण्याचा उपाय निराळा आहे. दोन पातळ काचांमध्ये पॉलिव्हिनिल ब्युटिरलचा मऊ थर दाबून तयार केलेल्या काचेत वाकण्याची लाट त्या थरात जिरते. तेवढ्याच जाडीच्या एकसंध काचेपेक्षा अशी काच, विशेषतः तिचा थर ध्वनिरोधासाठी बनविलेला असल्यास, चार-पाच डेसिबलांनी सरस ठरते, आणि हा फायदा मुख्यतः संपाताच्या पट्ट्यात, म्हणजे जेथे हवा तेथेच, मिळतो. दोन तावदानांमध्ये पोकळी ठेवण्याचा मार्गही आहे, पण त्यात एक सापळा आहे. दोन तावदाने आणि मधली हवा मिळून वजन-स्प्रिंग-वजन अशी रचना होते आणि तिला स्वतःची अनुनादाची वारंवारता असते. ६ मिलिमीटरच्या दोन काचांमध्ये १२ मिलिमीटर अंतर ठेवल्यास ही वारंवारता सुमारे २०० हर्ट्झ येते. ती स्त्रियांच्या आवाजाच्या मूलवारंवारतेच्या अगदी जवळ आहे. उष्णता अडविण्यासाठी बनविलेले दुहेरी तावदान चर्चाकक्षाला लावून निश्चिंत होणे म्हणूनच फसवे असते. पोकळी १०० मिलिमीटर केली की अनुनाद ७० हर्ट्झच्या आसपास उतरतो आणि वाणीच्या क्षेत्राबाहेर जातो.

काचेविषयी एवढे विवेचन पुरे. कारण प्रत्यक्षात बहुतेक कक्षांचे भवितव्य काच ठरवीतच नाही. दहा चौरस मीटरची एक काचेची भिंत घ्यावी. तीत चौकट नसलेले, ०.९ मीटर रुंद व २.४ मीटर उंच असे काचेचे दार आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना व वर ४ मिलिमीटरची आणि खाली १० मिलिमीटरची फट आहे. दिसावयास ही मोजमापे क्षुल्लक वाटतात. या सर्व फटींचे एकूण क्षेत्रफळ ०.०३ चौरस मीटरहून किंचित अधिक, म्हणजे भिंतीच्या सुमारे ०.३ टक्के भरते. काच कितीही उत्तम असली तरी एवढ्या उघडिपीमुळे साऱ्या भिंतीचा रोध २५ डेसिबलांच्या वर जाऊ शकत नाही. ४० डेसिबलांची काच विकत घ्यावयाची आणि २५ डेसिबलांची भिंत पदरात पाडून घ्यावयाची, असा हा व्यवहार आहे. शिवाय काचेच्या वजनामुळे जी उच्च वारंवारता अडली असती, तिलाच फट मोकळी वाट देते. त्यामुळे स, श, च यांसारख्या व्यंजनांचे घर्षण मुख्यतः दाराकडून बाहेर पडते आणि स्वर काचेतून येतात. म्हणून चांगल्या कक्षाचे दार चौकटीत बसविलेले, कडांना रबरी पट्टी असलेले आणि बंद होताच खालून पट्टी उतरणारे असे असावे लागते. सरकते काचेचे दार या कामी जवळजवळ निरुपयोगीच होय.

दाराइतकीच दुर्लक्षित जागा म्हणजे डोक्यावरची. अनेक ठिकाणी काचेची भिंत फॉल्स सीलिंगपर्यंत जाऊन थांबते आणि तिच्यावर छतापर्यंतची पोकळी दोन्ही बाजूंना सलग असते. ध्वनी हलक्या छतफळ्यांतून वर जातो, भिंत ओलांडतो आणि पलीकडे उतरतो. वातानुकूलनाची नळीही असेच काम करते. भिंतीच्या रेषेवर खऱ्या छतापर्यंत जड अडसर घातल्याशिवाय यावर इलाज नाही.

आतील भिंतींना मऊ पत्रे चिकटविण्याचा उपाय फार लोकप्रिय आहे, आणि त्याविषयीचा गैरसमजही तितकाच. मऊ पदार्थ ध्वनी शोषतो, अडवीत नाही. ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच अशा कक्षात मूळ शोषण ४ चौरस मीटर धरले, तर सेबिनच्या सूत्राने निनादकाल सुमारे १.२ सेकंद येतो. छताला चांगले शोषक पत्रे लावल्यास तो ०.४ सेकंदांच्याही खाली उतरतो. यामुळे आतील बोलणे स्पष्ट होते आणि आतील पातळी सुमारे ५ डेसिबलांनी घटते. हा लाभ थोडका नाही. शिवाय घुमणाऱ्या खोलीत माणसे नकळत आवाज चढवितात. १९११ मध्ये लोंबार यांनी नोंदविलेला हा परिणाम दूरस्थ सभेच्या वेळी विशेष जाणवतो. पण भिंतीचा २५ डेसिबलांचा रोध या उपायाने २६ होत नाही.

आता गणिताची दुसरी बाजू. साध्या संभाषणाची पातळी ६० डेसिबल धरली, तर २५ डेसिबलांच्या भिंतीबाहेर सुमारे ३५ उरते. वातानुकूलित, शांत कचेरीची पार्श्वपातळीही ३५ ते ४० असते. म्हणजे वाणी आणि गोंगाट जवळजवळ समसमान झाले. हिशेब ढोबळ आहे. तरी समसमान पातळीवर काय कळते, याचे उत्तर १९५१ मध्ये मिलर, हाइस व लिक्टेन यांनी दिलेले आहे. निरर्थक अक्षरे निम्मी ओळखू येण्यासाठी वाणी गोंगाटाहून सुमारे ३ डेसिबलांनी वर असावी लागते. वाक्यातील शब्दांना वाणी ४ डेसिबलांनी खाली असली तरी चालते. आणि अंक तर ती १४ डेसिबलांनी खाली असतानाही निम्मे ओळखू येतात. कारण उघड आहे : अंक मोजके, आणि श्रोत्याला ते आधीच ठाऊक. ज्या गोष्टी गुप्त राखावयाच्या त्यांत आकड्यांचा क्रमांक वरचा, आणि भिंतीतून प्रथम गळतात ते आकडेच!

हे प्रयोग इंग्रजीतील आहेत. मराठीत शंभरापर्यंतची प्रत्येक संख्या स्वतंत्र शब्दाने दर्शविली जाते आणि त्रेपन्न-त्रेसष्ट, एकसष्ट-पासष्ट अशा जोड्यांत बराच ध्वनी समान असतो. मराठी संख्यांचा संच मोठा व परस्परसदृश असल्यामुळे त्या गोंगाटात अधिक लवकर बुडाव्यात, असा तर्क करता येतो. पण आजच्या कचेरीत वेतनाचा आकडा बहुधा इंग्रजीतच उच्चारला जातो, तेव्हा या संरक्षणाचा लाभ फारसा मिळत नसावा. उलट, मनातले सांगताना माणूस मातृभाषेकडे वळतो; आणि गोंगाटात मातृभाषा परभाषेपेक्षा अधिक चांगली कळते, हे सुस्थापित आहे. बाहेर बसलेले सहकारी त्याच भाषेचे असतील, तर साक्षीदाराची अडचण वाढते.

स्वतःच्या नावाची गोष्ट याहून वेगळी. मोरे यांच्या १९५९ च्या प्रयोगात श्रोत्यांना एका कानातील मजकुराकडे लक्ष देण्यास सांगितले होते. दुसऱ्या कानात आलेले स्वतःचे नाव त्यांतील सुमारे एक-तृतीयांश जणांच्या ध्यानात आले. ज्याच्याविषयी आत बोलणे चालू आहे, त्याचेच कान ते बोलणे टिपण्यास सर्वांत तयार असतात.

येथवर केवळ कानाचा विचार झाला. परंतु काचेची भिंत आणि विटेची भिंत यांतील खरा भेद कानाशी संबंधित नाही. मिलर व नाइसली यांनी १९५५ मध्ये सोळा इंग्रजी व्यंजने गोंगाटात ऐकवून श्रोते कोणत्या व्यंजनांची गल्लत करतात, हे तपासले. घोषत्व आणि अनुनासिकत्व हे गुण वाणी गोंगाटाहून १२ डेसिबलांनी खाली असतानाही ओळखू आले. उच्चारस्थान ओळखण्यासाठी मात्र वाणी ६ डेसिबलांनी वर असावी लागली. म्हणजे दोहोंत १८ डेसिबलांचे अंतर पडले. उच्च वारंवारता कापली असताही हेच घडते : घोषत्व व अनुनासिकत्व टिकतात, स्थान हरवते. मराठीत बोलावयाचे तर ‘पान’, ‘तान’ आणि ‘कान’ यांची गल्लत होते, पण ‘पार’, ‘बार’ आणि ‘मार’ वेगळे राहतात.

डोळ्याचा व्यवहार नेमका उलटा आहे. प, ब, म या तिन्ही वर्णांत ओठ सारखेच मिटतात. ‘पार’, ‘बार’, ‘मार’ यांतील भेद डोळ्याला दिसूच शकत नाही. परंतु ‘मार’ आणि ‘नार’ यांतील भेद ओठांवर स्पष्ट उमटतो, आणि ‘पान’ हे ‘तान’ अथवा ‘कान’ यांपासून क्षणात वेगळे काढता येते. भिंत कानापासून जे हिरावून घेते, त्यातला बराच भाग काच डोळ्याला परत देते. सम्बी व पोलॅक यांनी १९५४ मध्येच दाखविले होते की, बोलणाऱ्याचा चेहरा दिसण्याचा लाभ गोंगाट वाढत जातो तसा वाढतो. वाणी अगदी क्षीण झालेली असते, तेथेच चेहरा सर्वाधिक उपयोगी पडतो, आणि काचेबाहेरची स्थिती हीच असते. डोळ्याच्याही मर्यादा आहेत. ‘ताक’ व ‘टाक’ यांतील दंत्य-मूर्धन्य भेद ओठांवर उमटत नाही, महाप्राणत्वही दिसत नाही. पण मराठी वाक्याचा संदर्भ असल्या उणिवा बहुधा भरून काढतो.

यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो, आणि तो ध्वनिरोधाच्या पत्रकांत सहसा आढळत नाही. काचेवर चिकटविलेला अपारदर्शक पातळ पापुद्रा ध्वनी मुळीच अडवीत नाही. तरीही तो गुप्तता वाढवितो. बसलेल्या माणसाचे तोंड जमिनीपासून साधारण १.१ ते १.३ मीटरवर येते. तेवढा पट्टा झाकला, तर खोलीत कोणी आहे हे दिसत राहते, आणि ओठ मात्र दिसत नाहीत. चौकशी समितीच्या बैठकीसाठी उभे राहणारे माणूसही ध्यानात घेऊन पट्टा रुंद करावा, किंवा सरळ पडदा लावावा; तक्रारदाराची ओळख झाकण्यासाठी पडदा तर तसाही हवाच.

पार्श्वपातळी वाढविणे हा यातील सर्वांत स्वस्त उपाय. कक्षाबाहेर छतातील ध्वनिक्षेपकांतून वाणीच्या पट्ट्यास अनुरूप असा सौम्य, एकसुरी आवाज सोडून पातळी ३५ वरून ४५ वर नेली, तर वरील उदाहरणातील बोलणे गोंगाटाहून १० डेसिबलांनी खाली जाते. वाक्ये मग क्वचितच लागतात. अंक तेव्हाही निसटतात, हे वरील आकड्यांवरून उघड आहे. म्हणून हा उपाय दाराच्या पट्टीची जागा घेऊ शकत नाही. तो कक्षाच्या आत करावयाचा नाही, हेही सांगितले पाहिजे. आत गोंगाट वाढविला की आतली माणसे आवाज चढवितात आणि हिशेब पूर्वपदावर येतो.

बाहेर काम करणाऱ्यांचा होणारा विक्षेप हा प्रश्न याहून निराळा असून तो गुप्ततेच्या प्रश्नात मिसळू नये. कोल व वेल्श यांनी १९७६ मध्ये जर्मन न समजणाऱ्यांना जर्मन उतारा ऐकवीत असता त्यांचे अक्षरक्रमाचे स्मरण ढासळलेले आढळले. विक्षेपासाठी अर्थबोधाची गरज नाही. वाणीचा चढउतार पुरेसा होतो. म्हणजे एखादी भिंत गुप्तता राखण्यास समर्थ असूनही शेजारच्या टेबलावरील माणसाचे लक्ष विचलित करीतच राहील.

कक्षाची पारख उपकरणाने करावी हे योग्यच. पण ज्या कक्षात मराठी बोलली जाते, त्याची पारख मराठी शब्दांनीही करता येईल, आणि त्यासाठी फारशी सामग्री लागत नाही. एकाने आत बसून नेहमीच्या आवाजात ‘मार-नार’, ‘पान-कान’, ‘ताक-टाक’ अशा जोड्यांतील शब्द, काही संख्या आणि काही साधी वाक्ये क्रम बदलून वाचावीत. दुसऱ्याने नेहमीच्या जागी, दार लावून, सकाळच्या शांत वेळी ऐकलेले लिहून काढावे. प्रथम काचेकडे पाठ करून, मग वाचणाऱ्याकडे पाहत. दोन उत्तरपत्रिकांतील अंतर म्हणजे डोळ्याचा वाटा. पाठ करूनही संख्या बरोबर आल्या, तर आधी दाराची खालची फट मोजावी.